चलनावर नग २५६, पडद्यावर १८०: आरएफआयडी टॅगांची टक्कर कमी कशी करायची

हॉटेलच्या चादरी-टॉवेलांची ट्रॉली लाँड्रीच्या दारातून आत येते. प्रत्येक नगात रेडिओ लहरींनी दुरून वाचला जाणारा आरएफआयडी टॅग शिवलेला असतो, आणि दारातला रीडर अँटेनांतून ते टॅग वाचून नग मोजतो. चलनावर नग २५६, पडद्यावर १८०. ट्रॉली मागे घेऊन पुन्हा आणली की १९३, आणखी एकदा आणली की १७६. मग बहुतेक ठिकाणी पहिलं काम होतं ते रीडरची पॉवर टोकाला नेण्याचं, आणि दुसरं आणखी एक अँटेना लावण्याचं. टक्कर, म्हणजे अनेक टॅगांनी एकाच वेळी बोलून एकमेकांना दाबणं, होत असेल तर या दोन्हींनी दुखणं वाढतं, कारण लांबचे नको असलेले टॅगही जागे होतात आणि गर्दीत भर पडते.

टक्कर कमी करायला नवीन यंत्र क्वचितच लागतं. लागतो तो क्रम: निदान, टॅगांची मांडणी, वाचनाचं क्षेत्र, सेशन (वाचलेल्या टॅगला गप्प ठेवणारी सेटिंग), क्यू (टॅगांना बोलायला किती जागा मिळतील ते ठरवणारा आकडा), वेळ. हा क्रम उलटा झाला की प्रत्येक सेटिंग दोनदा करावी लागते.

इथलं सगळं ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणाऱ्या, बॅटरी नसलेल्या यूएचएफ (अति-उच्च वारंवारतेच्या) जेन-२ या मानकाच्या टॅगांसाठी आहे. उदाहरण गोव्यातल्या कांदोळी-कळंगुटच्या हॉटेलांतून येणाऱ्या कपड्यांचं घेतलं आहे. वेर्ण्याच्या गोदामातल्या खोक्यांच्या पॅलेटला क्रम हाच लागू पडतो. तुमचे टॅग १३.५६ मेगाहर्ट्झचे, आयएसओ १५६९३ प्रकारचे असतील तर खालची क्यूची चर्चा तुमच्या कामाची नाही. त्यांची टक्कर सोडवण्याची पद्धत १६ स्लॉटांची आणि वेगळी आहे. १२५ किलोहर्ट्झच्या साध्या हजेरी कार्डांत तर बहुधा अशी सोयच नसते, ती एकेकच वाचावी लागतात.

## आधी एवढं समजून घ्या

रीडर वाचनाची फेरी सुरू करताना क्यू नावाचा एक आकडा सांगतो. क्यू ४ म्हणजे २ चा चौथा घात, म्हणजे १६ स्लॉट, अर्थात बोलण्याच्या १६ पाळ्या. क्यू ८ म्हणजे २५६ स्लॉट. प्रत्येक टॅग स्वतःसाठी एक स्लॉट यदृच्छेने निवडतो आणि त्याची पाळी आली की १६ बिटांचा एक तात्पुरता क्रमांक पाठवतो. त्या स्लॉटमध्ये तो एकटाच असेल तर रीडर तोच क्रमांक परत ऐकवतो, आणि मग टॅग आपला खरा, नगाची ओळख सांगणारा ईपीसी क्रमांक देतो. त्याच स्लॉटमध्ये दोन टॅग बोलले तर बहुतेक वेळा रीडरला एकाचंही समजत नाही. कधी जवळचा, जोरदार टॅग दुसऱ्याला दाबून वाचला जातो. म्हणूनच ट्रॉलीच्या कडेचे नग दर वेळी येतात आणि मधले येत नाहीत.

या पद्धतीची कमाल कार्यक्षमता सुमारे ३७ टक्के आहे, तीही स्लॉट आणि टॅग सारखे असताना. एका फेरीत सगळे टॅग येणार नाहीत, हे गृहीत धरूनच आखणी करायची.

## १. निदान: टॅग दबला आहे की मुका आहे?

न वाचलेला प्रत्येक टॅग टक्करीचा बळी नसतो. तीन चाचण्या याच क्रमाने करा.

क) न वाचलेला नग बाहेर काढा आणि तो एकटाच, ट्रॉलीत होता त्याच जागी, त्याच दिशेने धरून वाचा. तरीही आला नाही तर प्रश्न पॉवरचा, दिशेचा, ओलाव्याचा किंवा मेलेल्या टॅगचा आहे. सेशन आणि क्यूला हात लावू नका.

ख) एकटा वाचला गेला तर तेवढेच सगळे नग त्याच क्षेत्रात, पण सुटे, हातभर अंतरावर पसरून वाचा. आता सगळे आले तर दोष टॅग एकमेकांना चिकटल्याचा आहे. जवळचे टॅग एकमेकांची जुळलेली वारंवारता बिघडवतात आणि मिळणारी ऊर्जाही खातात. पडद्यावर हे टक्करीसारखंच दिसतं, पण कुठल्याही सेटिंगने जात नाही. त्याचा उपाय टप्पा ३ मध्ये आहे.

ग) पसरूनही काही टॅग निसटतात, आणि दर वेळी वेगळेच निसटतात: ही खरी टक्कर. टप्पा ४ पासून पुढचं हिच्यासाठी आहे.

तपासणी: निसटलेल्यांची यादी पाच वेळा काढा. तेच नग यादीत पुन्हा पुन्हा येत असतील तर दोष त्या नगांत किंवा त्यांच्या जागेत आहे. नावं बदलत असतील तर दोष सेटिंगमध्ये आहे. नुसत्या एकूण आकड्यावरून हे कळत नाही, यादीच लागते.

## २. चाचणीचा संच तयार करा

खात्रीचे ५० नग निवडा. प्रत्येकाचा ईपीसी आणि चिपमध्ये कारखान्यात कोरलेला टीआयडी क्रमांक, दोन्ही नोंदवा. हे काम टाळू नका. टॅग भरताना एकच ईपीसी दोन नगांना गेला असेल तर सॉफ्टवेअर दोघांना एकच मोजतं, आणि आपण आठवडाभर टक्कर शोधत बसतो. टीआयडीची यादी लावली की असे जुळे टॅग लगेच उघडे पडतात. मात्र रोजच्या मोजणीत टीआयडी वाचू नका, प्रत्येक टॅगमागे वेळ वाढतो.

मग रीडरचा प्रदेश 'भारत' आहे का ते पाहा. आपल्याकडे विनापरवाना वापराचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे (जुन्या रीडरांत ८६७ पर्यंतच दिसेल), ट्रान्समीटरची कमाल शक्ती १ वॅट, म्हणजे ३० डीबीएम.

इशारा: बाहेरून मागवलेला रीडर ९०२–९२८ च्या अमेरिकी पट्ट्यावर ठेवून वापरू नका. ते बेकायदेशीर आहे आणि मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात घुसखोरी होते. शिवाय इथल्या पट्ट्यासाठी जुळवलेले टॅग तिथे कमी अंतरावर वाचले जातात, ते वेगळंच.

## ३. टॅगांची मांडणी

सगळ्यात जास्त फायदा इथे होतो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं.

कापडाचा टॅग साधारण ७ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद असतो आणि किनारीच्या दुमडीत शिवतात. टेलर प्रत्येक नगाला तो एकाच कोपऱ्यात शिवतो, कारण तसं करणं सोपं. घडी घालून थप्पी लावली की सगळे टॅग एकावर एक, समांतर येतात. टॉवेलाची घडी जाड असते म्हणून थोडं निभावतं. उशीच्या अभ्र्यांची घडी सेंटिमीटरभरही भरत नाही, आणि त्यांच्या थप्पीतले मधले नग हमखास निसटतात.

यावर पुष्कळदा सुचवला जाणारा उपाय म्हणजे चार नगांना चार वेगवेगळे कोपरे. तो फसतो, कारण चौपदरी घडीत चारही कोपरे एकत्रच येतात. त्याऐवजी एकाच किनारीवर, एकाच कोपऱ्यापासून तीन वेगवेगळ्या अंतरांवर टॅग शिवा. ७५ सेंटिमीटर रुंदीच्या टॉवेलावर कोपऱ्यापासून ३, १३ आणि २३ सेंटिमीटरवर टॅगाची सुरुवात ठेवली तर तिन्ही जागा अर्ध्या रुंदीत मावतात, दोन टॅगांत ३ सेंटिमीटर मोकळे राहतात, आणि दुपदरी घडीत एकही दुसऱ्यावर येत नाही. तुमच्याकडे तिपदरी घडी असेल तर हे आकडे चालणार नाहीत. खडूने खुणा करा, तुमच्या पद्धतीने घडी घाला आणि खुणा कुठे पडतात ते पाहून मगच टेलरला अंतरं द्या.

जुना माल उसवून पुन्हा शिवणं परवडत नाही. त्यासाठी मळके कपडे घडी न घालता, सैल टाकून मोजा. वेड्यावाकड्या ढिगात टॅगांची दिशा आपोआप वेगवेगळी होते. धुतलेल्या मालाच्या थप्प्या एकाआड एक उलट्या दिशेने ठेवा.

ट्रॉली तारेच्या जाळीची असेल तर बदला. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर आहे. दोन-चार सेंटिमीटर छिद्रांची जाळी तिला जवळजवळ पत्र्यासारखी अडवते. कॅनव्हासची किंवा प्लॅस्टिकची ट्रॉली चालते. खोक्यांच्या बाबतीत हाच नियम औषधाच्या फॉइलला आणि बाटल्यांतल्या द्रवाला लावा: टॅग द्रवाच्या पातळीवर किंवा फॉइलच्या पाठीवर नको, खोक्याच्या रिकाम्या कडेला हवा.

इशारा: स्विमिंग पूलवरचे आणि किनाऱ्यावरचे ओले टॉवेल कोरड्या चादरींत मिसळून मोजू नका. पाणी ही लहर शोषतं. ओला माल वेगळ्या ट्रॉलीत, कमी थरात मोजा. पावसाळ्यात तर 'कोरडा' म्हणून आलेला मालही दमटच असतो. उन्हाळ्यात बसवलेली सेटिंग जूनमध्ये पुन्हा तपासा.

## ४. वाचनाचं क्षेत्र आखडून घ्या

क्यू ठरतो तो क्षेत्रात जागे असलेल्या सगळ्या टॅगांवरून, तुम्हाला हव्या असलेल्यांवरून नव्हे. शेजारच्या रॅकवरच्या ३०० चादरी जाग्या होत असतील तर ट्रॉलीतल्या २५६ साठी केलेला हिशेब वाया जातो.

ट्रॉली बाजूला काढा आणि रिकाम्या जागी रीडर चालवा. जे टॅग येतात ते सगळे आगंतुक. पॉवर ३० डीबीएमवरून एकेक डीबीने खाली आणा आणि आगंतुक बंद झाले की थांबा. ३ डीबी कमी म्हणजे शक्ती निम्मी, ६ डीबी कमी म्हणजे मोकळ्या जागेत वाचनाचं अंतर साधारण निम्मं. आता ट्रॉली आणा. कडेचे आणि मधले नग एकेकटे वाचले जात असतील तर ही पॉवर पुरेशी आहे. नसतील तर पॉवर वाढवू नका. अँटेना जवळ आणा किंवा तिची दिशा खाली वळवा.

केबलचा हिशेब विसरू नका. १० मीटर एलएमआर-२४० केबलमध्ये या वारंवारतेला सुमारे २.५ डीबी जातात, म्हणजे रीडरची जवळजवळ निम्मी शक्ती वाटेतच संपते. एलएमआर-४०० मध्ये तेवढ्याच लांबीला सव्वा डीबीच्या आसपास. चार अँटेनांच्या केबल वेगवेगळ्या लांबीच्या असतील तर प्रत्येक पोर्टची पॉवर वेगळी ठेवा.

लोखंडी शटर आणि पत्र्याचं छप्पर लहरी परत फेकतात. त्यातून काही जागी सिग्नल मरतो आणि अशी मेलेली जागा साधारण दर १७ सेंटिमीटरवर सापडते. अमेरिकेत रीडर २६ मेगाहर्ट्झच्या रुंदीत उड्या मारतो म्हणून या जागा थोड्या सरकतात. आपला पट्टा जेमतेम ३ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे त्या जिथल्या तिथेच राहतात. उभी ट्रॉली हातभर पुढेमागे केली किंवा अँटेना वेगवेगळ्या उंचीवर लावल्या तरच तिथले टॅग जागे होतात.

एवढं करूनही काही परके टॅग उरतातच. धक्क्यावर लागलेल्या ट्रकच्या काचेवरचा फास्टॅग हाही याच पट्ट्यातला टॅग आहे. अशांसाठी सिलेक्ट आज्ञेने ईपीसीच्या सुरुवातीच्या अंकांवर गाळणी लावा, म्हणजे परके टॅग फेरीत भागच घेत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये वाचून झाल्यावर गाळणं वेगळं: त्याने यादी स्वच्छ होते, टक्कर तेवढीच राहते.

नेहमीची चूक: गाळणी लावली की एकही टॅग येत नाही. कारण सुरुवातीचा बिट ० दिलेला असतो. ईपीसीच्या मेमरीत पहिले १६ बिट सीआरसीचे (चूक तपासण्याचे) आणि पुढचे १६ पीसीचे (ईपीसीची लांबी वगैरे सांगणारे) असतात, खरा ईपीसी ३२ व्या बिटापासून सुरू होतो. तुमचं सॉफ्टवेअर आकडा बिटांत मागतं की १६ बिटांच्या शब्दांत, तेही पाहा. शब्दांत असेल तर २ लिहा.

## ५. सेशन: वाचलेला टॅग गप्प बसला पाहिजे

वाचून झालेला टॅग पुन्हा पुन्हा बोलत राहिला तर न वाचलेल्याला जागा मिळत नाही. प्रत्येक टॅगमध्ये ए आणि बी अशी खूण असते. वाचला की ती ए वरून बी होते, आणि रीडर फक्त ए वाल्यांना बोलावत असेल तर तो गप्प राहतो. खूण किती वेळ टिकते ते सेशनवर अवलंबून. सेशन चार असतात, एस-० ते एस-३.

एस-० मध्ये ऊर्जा गेली की खूण पुसली जाते. रीडरच्या चार अँटेना एकाच वेळी नव्हे, पाळीपाळीने चालतात. म्हणजे अँटेना बदलली की टॅग पुन्हा ए होऊन रांगेत उभा. मोठ्या ढिगाला एस-० वापरू नका. अनेक रीडरांत कारखान्यातून हेच ठेवलेलं असतं.

एस-१ ची खूण अर्धा ते ५ सेकंद टिकते आणि टॅगला ऊर्जा मिळत असतानाही पुसली जाते. पन्नास-शंभर टॅगांना हे छान. अडीचशेला मात्र शेवटचे वाचेपर्यंत पहिले परत जागे होऊ लागतात. काही चिपांत एस-१ ची खूण ताजी ठेवण्याची खास सोय असते, ती असेल तर वापरा.

एस-२ आणि एस-३ मध्ये ऊर्जा आहे तोवर खूण टिकते, आणि ऊर्जा गेल्यावरही किमान २ सेकंद. ट्रॉलीसाठी आमची शिफारस स्पष्ट आहे: एस-२, लक्ष्य फक्त ए.

इशारा: एस-२ लावल्यावर तीच ट्रॉली लगेच पुन्हा वाचली तर पडद्यावर शून्य किंवा चार-दोन नग येतात. रीडर बिघडलेला नाही, टॅग अजून बी मध्ये आहेत. चाचणी घेताना प्रत्येक वाचनाआधी ट्रॉली क्षेत्राबाहेर नेऊन मिनिटभर थांबा, नाहीतर निष्कर्ष चुकतील.

शेजारी दोन दरवाजे असतील तर एकाला एस-२ आणि दुसऱ्याला एस-३ द्या. दोघांना एस-२ दिलं तर पहिल्या दाराने गप्प केलेला टॅग दुसऱ्या दाराला दिसतच नाही. चारही सेशनच्या खुणा टॅगमध्ये स्वतंत्र असतात, त्याचा हा उपयोग.

## ६. क्यू ठरवणं

आता क्षेत्रात किती टॅग आहेत ते माहीत आहे. त्या संख्येच्या सर्वात जवळचा २ चा घात घ्या: १०० टॅगांना क्यू ७, अडीचशेला ८, पाचशेला ९, हजाराला १०.

चुकला तर काय होतं ते २५६ टॅगांवर पाहा. क्यू ४ ला पहिल्या फेरीत व्यवहारात एकही टॅग येत नाही. १६ स्लॉट आणि प्रत्येकात सरासरी १६ जण. क्यू ६ ला सरासरी ४ ते ५ टॅग येतात, क्यू ७ ला सुमारे ३५, क्यू ८ ला ९४, क्यू ९ ला १५५. क्यू ९ चा आकडा मोठा दिसतो, पण त्याची फेरी दुप्पट स्लॉटांची आहे. तरीही रिकामा स्लॉट लवकर संपतो आणि टक्कर झालेला जास्त वेळ खातो, म्हणून शंका असेल तेव्हा क्यू एकाने जास्त ठेवा, कमी नको. उलट टोकही वाईट: २० टॅगांना क्यू १० दिला तर हजाराहून जास्त स्लॉट रिकामे फिरतात.

९४ वाचल्यावर उरलेल्या १६२ ना पुन्हा तोच क्यू ८ जास्त होतो. म्हणून क्यू आपोआप बदलण्याची सोय चालू ठेवा, फक्त सुरुवातीचा क्यू वरच्या हिशेबाने द्या. सुरुवात ४ वर सोडली तर रीडर चढत चढत ८ ला पोचेपर्यंत ट्रॉली दारातून निघून गेलेली असते. कमाल मर्यादाही पाहा. काही ठिकाणी ती ६ वर अडकवलेली सापडते. क्यू कायमचा एकच ठेवणं फक्त तिथे, जिथे दर वेळी नग जवळजवळ तेवढेच असतात.

## ७. वेळेचा हिशेब

९६ बिटांचा ईपीसी, त्यापुढे १६ चा पीसी आणि मागे १६ चा सीआरसी, म्हणजे १२८ बिट. मिलर-४ या उत्तर पाठवण्याच्या पद्धतीत, २५० किलोहर्ट्झवर टॅग सेकंदाला ६२,५०० बिट पाठवतो: नुसता ईपीसी यायला २ मिलिसेकंद. रीडरच्या आज्ञा आणि फुकट गेलेले स्लॉट धरून एका टॅगमागे ५ ते ७ मिलिसेकंद समजा. २५६ टॅगांना सव्वा ते पावणेदोन सेकंद, तेही सगळे सतत जागे असतील तर. एफएम-० ही दुसरी पद्धत खूप वेगवान आहे, पण गोंगाटात कच खाते. पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारी दुसरा रीडर असताना मिलर-४ च बरी.

चालत्या माणसाचा वेग ताशी ४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.१ मीटर. वाचनाचं क्षेत्र दीड मीटर असेल तर ट्रॉली तिथे १.४ सेकंद असते. हिशेब जुळत नाही! जमिनीवर दोन पिवळे पट्टे मारा, ट्रॉली त्यांच्यात ५ सेकंद थांबवा, आणि नवा टॅग येणं थांबल्यावर हिरवा दिवा लागेल अशी सोय करा.

प्रत्येक अँटेनाला दिलेला वेळही याच हिशेबात बसला पाहिजे. अडीचशे टॅग आणि अँटेनामागे ५० मिलिसेकंद असं असेल तर फेरी अर्ध्यात तुटते. उभ्या ट्रॉलीला अँटेनामागे एक सेकंदाच्या आसपास द्या.

## ८. दोन रीडर शेजारी असतील तर

दोन टॅगांची टक्कर वेगळी आणि दोन रीडरांची वेगळी. शेजारच्या रीडरचा सिग्नल टॅगच्या उत्तरापेक्षा कितीतरी पटींनी जोरदार असतो. चॅनल वेगळे ठेवा, दाट रीडरांसाठीचा मोड निवडा, आणि प्रत्येक दाराला फोटो सेन्सर लावून ट्रॉली समोर असेल तेव्हाच रीडर चालू करा. हा शेवटचा उपाय सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक आहे. हातातला रीडर घेऊन दारापाशी उभं राहून मोजणारा कर्मचारीही याच सदरात येतो.

## ९. जपून ठेवा, पुन्हा तपासा

सगळी सेटिंग रीडरच्या कायमच्या स्मृतीत साठवा. चाचणीच्या सॉफ्टवेअरमधून दिलेली सेटिंग अनेकदा तात्पुरती असते. वीज जाऊन आली की सेशन एस-० वर आणि क्यू ४ वर परत. पावसाळ्याआधी एकदा मुद्दाम रीडर बंद-चालू करून पाहा. रीडर आणि नेटवर्क स्विच छोट्या यूपीएसवर ठेवा.

किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत अँटेनाचे जोड गंजतात आणि डीबी हळूहळू गळतात. बाहेरच्या जोडांना आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळा आणि पावसाळा संपल्यावर उघडून बघा.

दर महिन्याला चाचणीचे ५० नग भरलेल्या ट्रॉलीत मिसळा आणि टप्पा १ मधली यादी पाच वेळा काढा. डिसेंबरच्या हंगामात ट्रॉलीतले नग दुप्पट होत असतील तर त्याआधी सुरुवातीचा क्यू एकाने वाढवा आणि थांबण्याचा वेळही वाढवा. ते जमत नसेल तर ट्रॉली दोन खेपांत मोजा.